नगाऱ्याची घोडी

"...मग बुवा, हिला पांजरपोळात धाडायची ना?"

घोडी सांभाळणाऱ्या भैरूनं मठाच्या बुवांना विचारलं खरं, पण त्यानं मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं.

मठाची ही घोडी वर्षानुवर्षं पालखीपुढं पाठीवर नगारा घेऊन चालली. टिपरू दणादण पडायचं, माणसं कानांत बोटं घालायची, पण ही पठ्ठी जागची हलायची नाही. "भैरूचा हात आहे बाबा तिच्यावर!" लोक म्हणायचे. मग काय, भैरू फुगून टम्म.

आता म्हातारपणी भलतंच झालं होतं. माशी बसली तरी तिची कातडी थरथरायची. ताट पडलं तरी डोळे पांढरे. काल खरारा करताना तिनं भैरूलाच लाथ घातली.

"मी कधी चाबूक लावला नाही, बुवा. शप्पथ."

"हं... मग एवढ्या दणक्यात उभी कशी राहायची?"

"मायेनं! आजही मला पाहिलं की धावत येते."

"बोलव."

भैरूनं चुचकारलं. घोडी खरंच आली आणि त्याच्या कमरेची चंची हुंगू लागली.

बुवांनी हात पुढं केला. "चंची दे."

"बुवा, तुम्ही कुठं तंबाखू..."

"दे म्हणतो ना."

चंची घेऊन बुवा पार गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

घोडी भैरूला ओलांडून त्यांच्याकडे गेली.

भैरूचा चेहरा खाडकन उतरला.

"गुळातून अफू द्यायचो," तो मान खाली घालून म्हणाला. "नगाऱ्यानं पाठ सोलली होती, तेव्हापासून. आधी चिमूटभर, मग सुपारीएवढी. गप उभी राहायची. मला वाटलं, दुखायचं थांबलं..."

"आणि आता?"

"आता त्याहून जास्त देतो. तरी बोट लागलं की कळवळते."

"त्या अफूनंच तिची कातडी अशी हुळहुळी झालीय रे."

भैरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ बरी होईतो नगारा उतरवावा, एवढं साधं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"आजपासून बंद करतो, बुवा."

"एकदम नको. वेडीपिशी होईल. रोज थोडी कमी कर, आणि तिच्याजवळ बसून राहा."

"म्हणजे... पांजरपोळात नाही धाडायची?"

"तोंड आहे का तुला विचारायला?"

भैरूचे डोळे भरून आले.

"पण बुवा, मी तिला खरंच कधी मारलं नाही हो..."

बुवांनी घोडीच्या मानेजवळ हात नेला, आणि न टेकवताच मागं घेतला.

"मारलं असतंस तर बरं होतं रे. ओरडली तरी असती."