पहिल्या हाकेची ओ

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि शब्दही साधेच येतील. पण धावजीबाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि बाबा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. कुणीतरी लिहून ठेवायला हवी. वाडीतलं दुसरं कुणी लिहायला बसेना, म्हणून मी बसलो.

आमच्या सावरघळीच्या वर लेणी आहेत. लेण्यांच्या उजव्या अंगाला एक काळा कडा आहे, सरळ तासल्यासारखा. त्याला हाकेचा कडा म्हणतात. रोज दिवस मावळताना वाडीतलं एक माणूस कड्यासमोरच्या सपाट दगडावर उभं राहतं आणि मोठ्यानं हाक देतं, "कुणी राह्यलंय काऽऽ? या होऽऽ!" कडा ती हाक परत देतो. ती पार विरेपर्यंत दगडावरून उतरायचं नाही, आणि तोवर वाडीत कुणी दिवा लावायचा नाही. घराघराची पाळी ठरलेली आहे. सुतक असलं तर शेजारचं घर जातं, पण हाक चुकत नाही.

गेल्या माघात लेणी बघायला एक परदेशी बाई आल्या होत्या. हान्ना त्यांचं नाव. केस पांढरेशुभ्र, पाठीला पिशवी, बरोबर कुणी नाही. दुपारी माझ्या टपरीपाशी, जिथं वाट फुटते तिथं, त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला त्यांची भाषा येत नाही. चुकीचं बोललो तर हसतील, असं वाटलं. मी पाठ फिरवली आणि ताडपत्रीची दोरी बांधायला लागलो. ती बांधलेलीच होती. त्यांनी परत एकदा विचारलं. मी वळलो नाही. मग त्या लेण्यांची वाट सोडून घळीकडं उतरणाऱ्या गुरांच्या वाटेनं निघून गेल्या.

त्या संध्याकाळची पाळी धावजीबाबांच्या घरची होती. बाबांनी हाक दिली, कड्यानं परत दिली, ती विरली, आणि खालच्या घळीतून एक बारीक आवाज आला. बाईंना चौघांनी धरून वर आणलं. गुडघा फुटला होता, तळहात सोलले होते. देवळाच्या ओट्यावर बसवून त्यांना चहा दिला. दोन घोट घेतल्यावर त्यांनी बाबांच्या नातीला, शेवंताला, विचारलं. शेवंता कॉलेजात जाते, तिला त्यांचं बोलणं कळतं.

"त्या विचारतात, मी तिथं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"आमाला कुठं ठावं होतं?" बाबा म्हणाले. "आमी रोजच हाक मारतो, बाई. कुणी असो, नसो."

मी खांबाच्या आडोशाला बसलो होतो. दुपारचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनी पाय दुमडले आणि गोष्ट सुरू केली.

फार मागची गोष्ट. किती मागची ते बाबांनाही सांगता येत नाही. त्या वेळी हा कडा मुका होता म्हणे. समोर उभं राहून कितीही ओरडा, दगड आवाज गिळून टाकायचा. मुका कडा असंच त्याचं नाव होतं. वाडी तेव्हा अकरा घरांची. कड्याच्या अंगाला सगळ्यात वरचं घर गणोजीचं. त्याची बायको कोंडाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिला कोंड्यावर विकत घेतल्यासारखं करून हे नाव ठेवलं होतं. बाई कमी बोलणारी, पण कान असे की पाचोळ्यावरून साप गेला की ससा, हे ती घरात बसून सांगायची.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला घाटाच्या वाटेनं एक परमुलखातला माणूस वर आला. दर्यापलीकडचा होता, एवढंच सांगतात. दाढी तांबडी, डोळे घारे, पायात असली पायताणं की तशी कुणी पाहिली नव्हती. तो लेण्यांत बसून दगडावरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायचा. सकाळी बसला की सावली फिरेपर्यंत उठायचा नाही.

वाडीला करमणूक झाली. माणसं कामधाम टाकून त्याला बघायला जाऊन बसायची. तो जेवताना बघायची, तोंड धुताना बघायची. हैबती पाटील तर रोज पारावर त्याची नक्कल करायचा. तांबड्या दोराची दाढी लावून तो दगडाला नाक लावायचा आणि पोट धरून माणसं लोळायची. पाहुणा वाडीत आला की पाटील कमरेत वाकून ओरडायचा, "याऽऽ हो, या! राजं आलं, पायघड्या घाला!" पाहुण्याला वाटायचं, हा इथला रामराम आहे. तोही कमरेत वाकायचा आणि म्हणायचा, "याऽ होऽऽऽ." त्यातला 'हो' तो लांबवायचा, गाण्याच्या शेवटच्या ओळीसारखा. आपल्या बोलीतले तेवढेच दोन शब्द त्याला आले.

कोंडाई हसायची नाही म्हणतात. ती त्याला भाकरी आणि कोरड्यास द्यायची. पण इतरांना हसू नका असंही ती कधी म्हणाली नाही. पाटलापुढं बाईमाणसानं काय बोलावं?

पावसाळा तोंडावर आला. माळकरी म्हाताऱ्यांनी खुणा करून त्याला सांगितलं की आता उतर, धुकं आलं की डोंगर माणूस ओळखत नाही. त्यानं बोटानं दाखवलं, एकच चित्र राहिलंय. आणि नेमकं त्याच संध्याकाळी धुकं आलं. असं की आपलाच हात आपल्याला परका.

आता इथं वाडीची एक रीत सांगायला हवी. तिन्हीसांजेनंतर अनोळखी हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. चकवा दोनदाच हाक मारतो. तिसऱ्यांदा हाक आली तरच तो माणूस. हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण डोंगरापलीकडून, दर्यापलीकडून आलेल्या माणसाला कोण सांगणार? कुणाच्या मनातही आलं नाही.

कोंडाई चूल पेटवत होती. कड्याच्या बाजूनं हाक आली.

"याऽ होऽऽऽ!"

गणोजी जागच्या जागी थिजला. "ऐकलंस? ये म्हणतंय. चकवाच हाय. गप ऱ्हा."

"चकवा न्हाई," कोंडाई म्हणाली. "पाव्हणा हाय. त्याला तेवढंच येतंय."

"पाव्हणा असंल तर तिसऱ्यांदी हाक मारंल. येडी का काय तू? पोरं हायत घरात."

कोंडाई उठून दाराशी गेली. अडसरावर हात ठेवला. दुसरी हाक आली. या खेपेला ती खालून आल्यासारखी वाटली, आणि 'हो' लांबला नाही, मध्येच तुटला. अकराही घरांनी ती ऐकली. अकराही घरं तिसरीची वाट बघत बसली.

तिसरी आली नाही.

सांगतात की कोंडाई उजाडेपर्यंत तशीच उभी होती. हात अडसरावर. तिला ठाऊक होतं की हा माणूस आहे. ठाऊक असून ती रीतीला धरून राहिली.

सकाळी धुकं फाटलं तेव्हा माणसं कड्यावर गेली. कारवीच्या झुडपाला त्याची चामड्याची पिशवी अडकली होती. खाली घळ पालथी घातली, ओढ्याचा तळ बघितला. माणूस सापडला नाही. हाड नाही, चिंधी नाही. कुणी म्हणतं तो वाचला आणि आल्या वाटेनं उतरून गेला. कुणी म्हणतं कड्यानं त्याला पोटात घेतलं. बाबा म्हणतात, ते आपल्याला सांगता यायचं नाही.

पाटलानं पिशवी उघडली. आत कागद होते. वरचे लेण्यांचे होते. आणि सगळ्यात शेवटचा, ज्याच्यासाठी तो एक दिवस जास्त राहिला, तो लेण्यांचा नव्हताच. त्यावर वाडी होती. पार होता, पारावर सगळी माणसं होती, एकूण एक ओळखू येत होती. सगळी हसत होती. आणि ती अशी देखणी काढली होती म्हणे, की लग्नातसुद्धा ती माणसं तशी दिसली नसतील. मधोमध पाटील होता, कमरेत वाकलेला, दोन्ही हात पसरलेला, तोंडभर हसणारा. बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या मायेनं या जगात कुणी कुणाला बोलावलं नसेल.

ते हसणं कशाचं होतं हे त्याला कळलंच नव्हतं. त्यानं ती माया समजली होती.

पाटलानं कागद खाली ठेवला आणि तो घरी गेला. कोंडाईनं मात्र तिथंच कड्यासमोर सगळ्यांदेखत आण घेतली. "त्याची तिसरी हाक राह्यली. ती आता म्या देणार. रोज. कडा मला ओ देईस्तवर माझ्या घरात सांजंचा दिवा लागायचा न्हाई."

"मुका कडा हाय त्यो, कोंडे," सासू म्हणाली. "दगुड कधी बोलतो व्हय?"

"आपुन तरी कुठं बोललो, आत्याबाई?"

त्या दिवसापासून रोज दिवस मावळताना ती सपाट दगडावर उभी राहायची आणि हाक द्यायची, "कुणी राह्यलंय काऽऽ? या होऽऽ!" कडा गिळून टाकायचा. पाऊस आला, ती घोंगडीची खोळ घेऊन जायची. बाया पाणवठ्यावर टोमणे मारायच्या, "मेलेल्याला बोलावशील तर मेलेलंच येईल." गणोजी आधी चिडला, मग रडला, मग गप्प झाला. घरात अंधारात जेवण व्हायचं. पोरं हातानं ताट चाचपून खायला शिकली. आषाढ गेला, श्रावण गेला, गौरी आल्या आणि गेल्या. तिचा आवाज बसला, फाटला, परत सुटला. कडा मुकाच.

मग भादव्याच्या अखेरीला पुन्हा तसंच धुकं आलं. त्या दिवशी हैबती पाटलाची गाभण म्हैस चुकली होती. तिला हुडकायला पाटील एकटाच गेला आणि सांज झाली तरी परतला नाही. आणि कड्याच्या अंगानं एक हाक आली. घाबरलेल्या माणसाचा आवाज आपल्या माणसांनाही ओळखू येत नाही. अकराही घरांनी ऐकली. रीत ती रीत. पाटलाच्या घरच्यांनीसुद्धा दाराला अडसर घातला आणि ते दुसरीची, तिसरीची वाट बघत बसले. स्वतःची सून, स्वतःचा लेक.

कोंडाई दगडावर उभी होती. तिनं वाट बघितली नाही. त्या पहिल्याच हाकेला तिनं ओ दिली. "ओऽऽ! हिकडं! या होऽऽ!"

पण धुक्यात एका आवाजावर वाट कळत नाही. आवाज आहे हे कळतं, कुठून आहे ते कळत नाही. पाटील एक पाऊल टाकायचा आणि दगड खाली सुटायचा. कोंडाईला त्या घरंगळणाऱ्या दगडांचा आवाज येत होता. पाटील घळीच्या कडेकडंच सरकत होता. तिनं असेल नसेल तो जीव गळ्यात आणला आणि पुन्हा हाक दिली, "या होऽऽ!"

आणि कडा बोलला.

"याऽ होऽऽऽ."

तिचा आवाज नव्हता तो. 'हो' लांबवलेला होता, गाण्याच्या शेवटच्या ओळीसारखा. वाडीतल्या अकराही घरांत तो ऐकू गेला, आणि अकराही घरांत ज्याच्या हातात जे होतं ते तिथंच राहिलं. माणसं दारं उघडून बाहेर आली. कुणी कुणाला बोलावलं नाही. एकेक जण धुक्यात उभा राहून हाक द्यायला लागला आणि कडा प्रत्येकाला ओ देत गेला. लेकराला दिली, म्हाताऱ्याला दिली. पहिल्याच हाकेला दिली.

पाटील त्या दोन आवाजांच्या मधून चालत आला. एका अंगाला वाडी आणि दुसऱ्या अंगाला कडा. माणसांनी त्याला दगडावर ओढून घेतलं.

"त्यानं आनलं मला," तो म्हणाला. "मला म्हनला, या. मी त्याची थट्टा करायचो त्येच शब्द. पर थट्टा नव्हती गं, कोंडाबाय. थट्टा नव्हती."

त्यानं भर धुक्यात कोंडाईच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि मग तिच्या घरी जाऊन स्वतःच्या हातानं दिवा लावला. चार महिन्यांनी त्या घरात उजेड पडला, तेव्हा पोरांनी डोळ्यांवर हात धरले म्हणे.

तिसऱ्या हाकेची रीत त्या दिवशी मोडली. चकवा तर चकवा, पण ओ द्यायचीच, असं ठरलं. परका माणूस हसला तर त्याच्यासंगं हसावं, त्याच्यावर हसू नये, हेही त्याच दिवशी ठरलं असं सांगतात. तो कागद पुष्कळ पिढ्या पाटलांच्या घरी होता. पुढं कसर लागून गेला. बाबांनी लहानपणी त्याचा एक कोपरा बघितलाय. त्यावर फक्त एक पसरलेला हात उरला होता.

शेवंता हे सगळं बाईंना हळूहळू सांगत होती. बाईंनी चहाचा पेला कधीच खाली ठेवला होता. गोष्ट संपली तेव्हा त्या उठल्या, लंगडत ओट्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि कड्याकडं बघून नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी शेवंताला काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, उद्या परत वर जायचंय. आज लेणी बघायची राहिली. वाट कोण दाखवेल?"

बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मी खांबाआड आणखी सरकलो.

आजही रोज सांजेला हाक होते. आजही कडा पहिल्याच हाकेला ओ देतो आणि त्यातला 'हो' आपण म्हणतो त्याहून थोडा लांब येतो. लेणी बघायला आलेले शिकलेले लोक म्हणतात की तो दगडाच्या आकाराचा गुण आहे. असेल. पण खालच्या खिंडीत तसाच आकार आहे, तिथं असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरी उघडली नाही. शेवंताच्या अंगणासमोर जाऊन उभा राहिलो. बाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. शेवंताकडून चार शब्द पाठ करून घेतले होते, ते सगळे विसरलो. त्यांनी तोंड उघडलं. त्यांना तिसऱ्यांदा विचारावं लागू नये, म्हणून मीच आधी म्हणालो, "या हो." आणि पिशवीसाठी हात पुढं केला.