राजवाड्याच्या दारावरची फुली

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. पण थंडी तेव्हाही आधी म्हाताऱ्या माणसांनाच गाठायची, एवढं नक्की.

डोंगरमाथ्यावर एक राज्य होतं. तिथला हिवाळा भलता कडक. म्हणून एका जुन्या राजाने रीत घालून दिली होती. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने पावसाळा सरला की राजाच्या वखारीत लाकडाच्या मोळ्या आणून टाकायच्या. ज्याला कुऱ्हाड उचलवत नाही, त्याच्या दारात हिवाळाभर दर आठवड्याला त्याच वखारीतून एक मोळी यायची. कुणाला मागावी लागत नसे. तरुणपणी टाकली, म्हातारपणी मिळाली, इतकं ते सरळ होतं.

त्या लोकांची आणखी एक रीत होती. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी चूल पेटवायची, त्याचे हात शेकू द्यायचे आणि मगच त्याचं नावगाव विचारायचं. पाहुणा गार चुलीपुढे बसला तर त्या घराला मान वर करायला जागा उरत नसे.

तिथल्या एका गावात दोन म्हाताऱ्या जावा राहत होत्या. नवरे केव्हाच गेले होते, मूलबाळ नव्हतं. थोरलीची छाती कमजोर होती, थंडी वाढली की तिला श्वास पुरत नसे. धाकटीचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. दोघींनी चाळीस वर्षं वखारीत मोळ्या टाकल्या होत्या.

पुढे नवा राजा आला आणि त्याने खालच्या मुलखातून नवा कारभारी आणला. माणूस हुशार होता. अशा हुशार माणसांना काटकसर सुचते ती नेमकी दुसऱ्याच्या घरातली.

“महाराज,” तो म्हणाला, “सगळ्याच म्हाताऱ्यांना लाकूड कशाला? ज्यांना खरोखर थंडी वाजते त्यांनाच देऊ.”

“ते कळणार कसं?”

“मी घरोघर जाऊन चुलीला हात लावून बघतो. चूल गार असेल तर मोळी. गरम असेल तर दारावर चुन्याची फुली, मग त्या दारात लाकूड नाही.”

राजाला ते पटलं. मुलखात दवंडी पिटली गेली : ज्या घरची चूल गरम, त्या घराला लाकूड नाही!

दवंडी सगळ्यांनी ऐकली. म्हणजे काय करायचं ते लहान पोरालाही कळलं असतं. पण आता गंमत ऐका.

कारभारी गावची चढण चढताना धाकटीला दिसला. घरात तीनच लाकडं उरली होती.

“अक्का, आज चूल पेटवायची नाही,” ती म्हणाली. “गार दिसली तरच मोळी मिळणार आहे.”

“आणि त्याचे हात?” थोरलीने विचारलं. “एवढा डोंगर चढून येतोय. बोटं वाकत नसतील त्याची.”

“त्याच्या बोटांचं मला काय? तुमच्या छातीचं बघा आधी.”

“पेटव गं. माझ्या घरात आजवर कुणी कुडकुडत बसलेलं नाही. आता या वयात ते बघायला लावू नकोस.”

धाकटीने तोंडातल्या तोंडात दोन शिव्या दिल्या आणि चूल पेटवली. कारभारी आला, ऐसपैस बसला. हात शेकले, पाय शेकले, सुंठीचं गरम पाणी प्यायला. अंगात ऊब आल्यावर त्याने चुलीला हात लावून पाहिला.

“चूल गरम आहे,” तो म्हणाला आणि उठून दारावर फुली मारली.

“अहो, तुमच्यासाठीच पेटवली ती!” धाकटी ओरडली.

“नियम चुलीकडे बघतो, बाई. कुणासाठी पेटवली ते नाही बघत.”

गावात म्हाताऱ्यांची सदतीस घरं होती. सदतीस ठिकाणी हाच पाहुणचार झाला आणि सदतीस दारांवर फुल्या पडल्या. कारभाऱ्याने राजाला कळवलं की गावात कुणाला थंडी वाजत नाही. खरं तर त्या दिवशी अख्ख्या गावात न गारठलेला माणूस तो एकटाच होता!

पुढच्या आठवड्यात मोळी आली नाही. धाकटीने पाट जाळला, मग मुसळ जाळलं, मग खाटेचे पाय. एका सकाळी थोरलीला उठवेना. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. आता लाकूड आलं नाही तर ही दुसरा दिवस बघत नाही, हे धाकटीला स्पष्ट दिसलं. तिने घरातली दोन्ही घोंगडी थोरलीवर घातली. शेजारची सून आपल्या चुलीतले निखारे घेऊन उशाशी येऊन बसली. पण त्या सुनेच्या घरीही म्हातारा सासरा होता आणि तिच्याही दारावर फुली होती.

धाकटीने पदरात चुन्याचा खडा बांधला आणि घरोघर हाक दिली, “चला राजवाड्यावर!”

“मागायला जायचं?” एक म्हातारा म्हणाला. “या वयात हात पसरायचे?”

“मागायला कोण चाललंय? मी तपासणीला चाललेय.”

काठ्या टेकत, एकमेकांना धरत सगळे चढले. पाहुण्यांना अडवायचं नाही ही रीत राजवाड्यालाही होती. आत भल्यामोठ्या शेगडीपाशी राजा बसला होता, शेजारी कारभारी.

“या, शेका,” राजा म्हणाला.

धाकटीने शेगडीला हात लावला. “गरम आहे,” ती म्हणाली. तशीच मागे वळली आणि राजवाड्याच्या नक्षीदार दारावर तिने हात पोचेल तेवढी मोठी फुली मारली.

“म्हातारे, हे काय करतेस!” कारभारी धावला.

“तुमचंच काम. ज्या घरची चूल गरम, त्या घराला लाकूड नाही.”

“अगं, हा राजवाडा आहे!”

“नियम चुलीकडे बघतो. कुणाची आहे ते नाही बघत.”

मग सगळे म्हातारे जाऊन वखारीच्या दारात आडवे बसले. राजवाड्यासाठी लाकूड न्यायला हमाल आले. “ओलांडून जा त्यांना!” कारभारी ओरडला. पहिल्या हमालाने पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. समोर त्याची आई बसली होती. त्याने दोर बाजूला टाकला आणि आईशेजारी बसकण मारली. बाकीचे हमालही बसले.

दुपारी राजाच्या मुदपाकखान्यातल्या चुली पेटल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी शेगडी विझली. अंगावर दोन शाली घेतलेला राजा वखारीपाशी आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

“काय हवंय तुम्हाला?”

“आम्ही टाकलेली लाकडं,” धाकटी म्हणाली.

राजाने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुझं घोंगडं कुठाय?”

“जावेवर. दोन्ही तिच्यावरच आहेत. शेवटची तीन लाकडं तिने तुमच्या कारभाऱ्याचे हात शेकायला जाळली. आता ती मरायला टेकलीय. दया नको आम्हाला, महाराज. चाळीस वर्षं वाहिलंय ते द्या.”

राजा कारभाऱ्याकडे वळला. “तिच्या घरी शेकलास?”

“हो, महाराज.”

“आणखी किती घरी?”

कारभाऱ्याने मान खाली घातली. “सगळ्यांच्याच.”

राजाला भयंकर लाज वाटली. सूर्य मावळायच्या आत मोळ्या निघाल्या, आणि पहिली मोळी कारभाऱ्याच्या डोक्यावर होती. म्हातारे निघाले तेव्हा राजाने राजवाड्याच्या दारावरची फुली पुसायला सांगितली.

“ती राहू दे,” धाकटी म्हणाली. “पुसलीत की विसराल.” ती फुली राहिली. दर हिवाळ्याच्या तोंडाला तिच्यावर नवा चुना चढत गेला.

धाकटी धापा टाकत घरात शिरली. थोरलीने डोळे उघडले. दारात मोळी घेतलेला, कुडकुडणारा कारभारी तिला दिसला.

“अगं, बघत काय बसलीस?” ती कशीबशी म्हणाली. “पाहुणा आलाय. चूल पेटव.”

धाकटी जागची हलली नाही. कारभाऱ्यानेच गुडघे टेकले, फुंकर मारून मारून चूल पेटवली आणि आधी थोरलीचे हात शेकले.

तात्पर्य : हक्काची ऊब मिळवायला कुणाला आधी गारठून दाखवावं लागू नये, आणि दाखव म्हणणाऱ्याच्या दारावर फुली मारायला भिऊ नये.