कमळ धरलेल्या राणीची कथा

एका राज्यात रूपसेन नावाचा राजा होता. राज्य सुखाचे होते, विहिरींना पाणी होते आणि राजाला चित्रांचा नाद होता. नाद असावा, त्यासाठी कोणी राजाला नावे ठेवणार नाही. पण नादाच्या भरात माणूस काय करून बसतो, ते ऐकण्यासारखे आहे.

राजाची राणी मंजुघोषा. घोड्यावर मांड ठोकून बसायची, हसली की सज्जातली कबुतरे उडायची आणि सारीपाटावर राजाला रोज हरवायची. लहानपणी घोड्यावरून पडल्याचा व्रण तिच्या हनुवटीवर होता. एकदा राजा स्वारीवर निघाला. राणीचे चित्र जवळ असावे म्हणून त्याने चितारी बोलावला. आला तो वर्णकेतू. वरून चितारी, आतून मांत्रिक, आणि मिशी अशी की दारातून आधी ती यायची, मग तो. त्याने राजाला तीनदा विचारले, "महाराज, राणीसाहेबांना कशी काढू?" राजा तीनदा म्हणाला, "मला आवडेल तशी."

तिथेच घात झाला. वर्णकेतूच्या रंगांत शाप कालवलेला होता. ज्या बाईचे चित्र काढावे, ती बाई चित्रासारखी होई.

चित्र झाले. मान कलती, कंबर बाकदार, हातात कमळ. हनुवटी अगदी गुळगुळीत. त्या राज्याची रीत अशी, की चित्राचे डोळे सर्वांत शेवटी काढायचे आणि तेही राजाने, आपल्या गादीवर बसून. त्याला दृष्टिदान म्हणत. राजाने गादीवर बसून कुंचला टेकवला आणि चित्रातली राणी गादीच्या पायाशी बघू लागली. शेजारी उभी असलेली खरी राणीही तिथेच बघू लागली. तिच्या हातात कमळ आले, हनुवटीवरचा व्रण पुसला गेला, आणि काहीही विचारले तरी ती एवढेच म्हणू लागली, "जशी महाराजांची मर्जी."

राजा स्वारीवरून परतला. सारीपाट मांडला, आणि पहिल्यांदाच जिंकला. खोटे कशाला सांगू, चार दिवस त्याला बरे वाटले. पाचव्या दिवशी त्याने पट गुंडाळून ठेवला. पण तोवर सरदारांनी आपापल्या बायकांची चित्रे काढवून घेतली होती, सरदारांचे पाहून सावकारांनी, सावकारांचे पाहून गावाने. चित्रशाळेच्या एका भिंतीवर पुरुष लागले. कोणी वाघाशी झुंजतो आहे, कोणी जेवून सुस्तावला आहे, ज्याचे पोट सुटलेले त्याचे सुटलेले, ज्याच्या नाकावर चामखीळ त्याच्या नाकावर चामखीळ. समोरच्या भिंतीवर बायका लागल्या, साऱ्यांचा चेहरा एक आणि साऱ्यांची कंबर एक. नवरे आपली बायको दागिन्यांवरून ओळखू लागले. गावात दूध उतू जाऊ लागले, गाई दुधाने ठणकत उभ्या राहू लागल्या, कारण साऱ्या हातांत कमळे होती. सुईणसुद्धा कमळ धरून उंबऱ्यात उभी राही, आणि आत बाळंतीण कळा देत असे. कळांच्या भरात ती बाळंतीण बिचारी आपले कमळ टाकून देई, तेवढीच.

अशा वेळी राणीची धाकटी बहीण उल्का बहिणीला माहेरी न्यायला आली. दसरा तोंडावर आला होता. "ताई, चल, घोडे तयार आहेत," ती म्हणाली. राणी गादीच्या पायाशी बघत म्हणाली, "जशी महाराजांची मर्जी." तिने उल्काला ओळखलेदेखील नाही. उल्का बागेत गेली आणि आंब्याखाली बसून हमसून हमसून रडली.

वरून एक साळुंकी म्हणाली, "रडून झाले असेल तर सांगते."

साळुंकीने सांगितले ते असे. दसऱ्याच्या दरबारात चित्रांवर रोगण चढायचे होते. एकदा रोगण वाळले की शाप कायमचा. त्याच दरबारात उल्काचेही चित्र काढायचे ठरले होते. शाप तोडायचा तर दर्पण तळ्याच्या पाण्यात यक्षाच्या दिव्याची काजळी खलावी, कुंचला खुद्द वर्णकेतूच्या मिशीचा करावा, आणि जिचे चित्र तिने आपले डोळे आपल्या हाताने काढावेत. दुसऱ्या कोणी काढून चालायचे नाही. उल्काने डोळे पुसले आणि घोड्यावर खोगीर चढवले.

दर्पण तळ्याच्या काठी बायका केस विंचरत बसल्या होत्या; कधीपासून, ते त्यांनाही आठवत नव्हते. तळे म्हणाले, "तू कशी दिसतेस ते सांग, मग पाणी देईन." उल्काने वाकून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "तुझ्या तळाशी एक कासव आहे. त्याच्या पाठीवर शेवाळ आहे, आणि ते हसते आहे." आजवर जो येई तो स्वतःला बघून जाई, तळ्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. आनंदाने त्याला असा पूर आला की काठावरच्या साऱ्या फण्या वाहून गेल्या, आणि बायका भानावर येऊन घरी निघाल्या. उल्काने घागर भरून घेतली.

यक्ष एका गुहेत शापित खजिन्यावर बसला होता. भोवती दगडी बाहुल्या झालेल्या बायका उभ्या होत्या. तो म्हणाला, "एक दागिना घाल आणि काजळी ने." उल्का म्हणाली, "घालते. पण आधी तू घालून दाखव. मला बघायचे आहे." हे यक्षाला कोणी कधी म्हटले नव्हते. तो लाजला, मग खुलला. त्याने नथ घातली, वाकी घातली, कंबरपट्टा घातला, आणि हार कसा शोभतो हे विचारता विचारता दगड झाला. शाप धन्यावर उलटल्यावर खजिन्यात शाप उरला नाही. बाहुल्या आळोखेपिळोखे देत उठल्या. ज्यांना आवडले त्यांनी दागिने घेतले, ज्यांना नाही त्यांनी नाही. उल्काने दिव्याची काजळी खरवडली आणि दसऱ्याच्या सकाळी नगरात पोचली.

दरबार भरला होता. रोगणाची भांडी तापत होती. वर्णकेतूने उल्काला चौरंगावर बसवले आणि मान कलती करायला सांगितली. उल्काने मान सरळ ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. वर्णकेतूने जन्मभर बायकांकडे पाहिले होते. त्याच्याकडे कोणी असे पाहिले नव्हते. तो चुळबुळू लागला. "काय बघतेस?" त्याने विचारले.

"मिशी," उल्का म्हणाली. "डावी बाजू जरा मोठी आहे."

त्याने आरसा मागवला, कातरी मागवली, डावी बाजू कापली. मग उजवी मोठी दिसू लागली. ती कापली, तर डावी. दरबार माना लांब करून बघत होता, आणि जितके लोक बघत तितकी त्याची कातरी जोरात चाले. शेवटी मिशी गेली. मंत्र मिशीतच होता, तोही गेला. उल्काने खाली पडलेले केस उचलून काडीला बांधले आणि काजळी पाण्यात खलली. मग राणीचा हात धरून तिला गादीपाशी नेले.

"भावोजी, उठा," ती म्हणाली.

त्या गादीवर राजाशिवाय कोणी बसत नसे. राजाच्या कपाळावर आठी चढली. उल्काने शांतपणे विचारले, "ताईच्या हनुवटीवरचा व्रण कोणत्या बाजूला होता?"

राजाने राणीकडे पाहिले. तिथे व्रण नव्हता. त्याने चित्राकडे पाहिले. तिथेही नव्हता. त्याने डोळे मिटून आठवून पाहिले, आणि त्याला आठवले ते चित्रच. ज्या बाईने त्याला हजारदा हरवले, तिचा चेहरा त्याच्यापाशी उरला नव्हता. राजाला भरून आले. तो भर दरबारात गादीवरून उठला आणि राणीला म्हणाला, "ते कमळ माझ्याकडे दे. मी धरतो."

"जशी महाराजांची मर्जी," राणी म्हणाली, आणि कमळ देऊन गादीवर बसली. उल्काने तिच्या हातात कुंचला दिला. राणीने सवयीने राजाकडे वळून विचारले, "कसे काढू?"

राजा म्हणाला, "मला विचारू नकोस."

राणी कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिली. उल्का पुढे सरकली, पण तिने कुंचल्याला हात लावला नाही. मग राणीने चित्रातले राजाने काढलेले डोळे पुसले आणि त्या जागी एक डोळा काढला, टक्क उघडा, समोर बघणारा. त्या डोळ्याने राणीकडे पाहिले, राणीने त्याच्याकडे, आणि राणी हसली. सज्जातली कबुतरे उडाली. तिने दुसरा डोळा काढला, हनुवटीवर डाव्या बाजूला व्रण काढला, आणि म्हणाली, "उल्के, केव्हा आलीस? आणि इतकी वाळलीस कशाने?"

उल्का तिच्या गळ्यात पडून पुन्हा रडली, पण हे रडणे वेगळे होते.

मग नगरातल्या बायका एकेक करून गादीवर बसल्या. सुईणीला सर्वांनी पुढे काढले, कारण तिला घाई होती. कोणी तिरळा डोळा होता तसा तिरळा काढला, कोणी मिटलेला काढला, कारण तिला पुष्कळ दिवसांची झोप काढायची होती. या साऱ्यात सोने लुटायला संध्याकाळ झाली, पण कोणी तक्रार केली नाही. रोगण चढले ते या चित्रांवर. वर्णकेतूला शिक्षा अशी झाली की नगरातल्या मुली चित्रकला शिकतील तेव्हा त्याने कंबर बाकदार करून, हातात कमळ धरून, न हलता उभे राहावे. त्याची कंबर अजून दुखते म्हणतात.

राणी माहेरपण करून परतली, तेव्हा राजाने सारीपाट मांडून ठेवला होता. तो सपाटून हरला. राणीने लगेच कुंचला मागवला आणि त्याचे चित्र काढले: तोंड उघडे, फेटा कलंडलेला, हातात सोंगटी. राजा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने ते चित्र आपल्या हाताने गादीसमोर टांगले. या चित्रात आपल्याकडे कोणीतरी खरोखर पाहिले आहे, हे त्याला आवडले होते.

चित्रे भिंतीवर राहिली, माणसे आपापल्या घरी गेली, आणि साळुंकी अजून त्या आंब्यावर आहे.