आयता खोपा

फार पूर्वी एका विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्षी खोपे विणत. नर अर्धा खोपा विणायचा. मादी तो तपासून पसंत करायची, मगच संसार सुरू व्हायचा.

पिवळ्या नावाच्या तरण्या नराने यंदा काडीही आणली नाही. कुणाचा तरी गेल्या वर्षीचा खोपा आयता मिळाला, त्यावरच तो ऐटीत बसला.

करडी नावाची मादी खोपा पाहायला आली. तिने चोचीने जरा ओढून पाहिलं, तर वरची गाठ सुटली.

"एवढी गाठ बांध, मग येते राहायला."

पिवळ्याने काडी चोचीत धरली. कुठून घालायची, काही कळेना.

"पलीकडच्या फांदीवरचा म्हातारा बापूही जुनाच खोपा वापरतो," तो पुटपुटला.

"त्याला सुटलेली गाठ बांधता येते," म्हणत करडी उडाली.

लाजेने पिवळ्याने मान खाली घातली. विहिरीच्या पाण्यात त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं, चोचीतली काडी तशीच.