चार बोटं जागा

“मास्तर, या चार बोटं जागेत काय बसवू?”

 इनास मास्तर ओटीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. साल लांब दोऱ्यासारखी निघायची. ती ताटाच्या कडेला ठेवायची, पुढची शेंग घ्यायची...

विचारणारा निषाद. मास्तरांचा जुना विद्यार्थी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे नीट माहीत असलेला. पुण्याहून वसईपर्यंत तो पेटी मांडीवर घेऊन आला होता. गाडीच्या डिकीत ठेवायचा त्याला धीर झाला नव्हता.

पेटी म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर. हातात धरून नेता येईल एवढ्या खोक्यात छोटी छोटी यंत्रं शेजारी शेजारी स्क्रूने बसवलेली. एक नाद काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं ठेका धरतं. ती एकमेकांना जोडायची ती समोरून खोचलेल्या वायरींनी. वायर नाही तर आवाज नाही.

मास्तरांनी उमेदीची वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. पुढे ते या यंत्रांकडे वळले आणि शिकवायला लागले. निषादला पहिली वायर खोचायला त्यांनीच शिकवली.

आता त्याच्या पेटीत एकच जागा उरली होती. खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात. आत धूळ जाऊ नये म्हणून तिथे पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलेली होती.

शनिवारी त्याची मैफल होती. मागच्या मैफलीत त्याचा हात थरथरला होता आणि भलतीच वायर उपटली गेली होती. आवाज बंद. त्या जंजाळात ती वायर कुठली, हे त्याला सापडेना. समोर बसलेल्यांपैकी एकही माणूस मदतीला उठला नाही. फोन मात्र सगळ्यांचे उठले. घाम पुसणारा निषाद मग कितीतरी दिवस या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला, खाली हसणारे चेहरे चिकटवून. असली माणसं स्वतःला रसिक म्हणवतात.

पुन्हा तसं झालं तर पेटी विकून टाकणार आणि या वाटेला परत जाणार नाही, असं त्याने मास्तरांना आधीच फोनवर सांगितलं होतं.

“बोल,” मास्तर म्हणाले. “आणखी एक यंत्र कशाला हवंय?”

निषादने सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून त्याने पेटी बदलत आणली होती. आता प्रत्येक यंत्राच्या मागे दुसरं यंत्र उभं होतं. एक गप्प झालं की दुसरं आपोआप सुरू. हात लावायची वेळच यायला नको. भीती एवढीच, की सगळी एकदम गप्प झाली तर? त्यावरही दुकानदाराने एक यंत्र दाखवलं होतं. शांतता झाली की ते ओळखतं आणि स्वतःहून आवाज सोडतं. परदेशात सगळे हेच बसवतात म्हणे. दुकानदारांना परदेशातलं सगळं ठाऊक असतं. मंचावर कुणाला कसा घाम फुटतो, तेवढंच ठाऊक नसतं.

“म्हणजे वाजवणार कोण?”

“पेटीच.”

“आणि तू?”

“मी... मी तिथे असेन.”

“मग तिकीट काढून समोर बस की.”

निषाद हसला नाही.

“वाजव,” मास्तर म्हणाले.

पेटी सुरू झाली. काम चोख होतं, यात शंका नाही. खर्जात एक घुमारा, त्यावर ठेका, त्यावर सुरांचे थेंब. निषाद हात मागे बांधून उभा होता. आवाज चालू होता, तरी त्याचे डोळे या दिव्यावरून त्या दिव्यावर पळत होते.

“आता थांबव.”

निषादचा हात पेटीमागच्या बटणाकडे गेला.

“बटण नको. ते वीज गेली तरी होतं. वाजवून थांबव.”

निषादने एक वायर काढली. ठेका गेला... आणि लगेच दुसरा आला. त्याने तो काढला. सुरांचे थेंब दुप्पट झाले. ते काढले, तर घुमारा चढला. त्यानेच रचलेली पेटी त्यालाच जुमानत नव्हती.  मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

अखेर एक वायर उरली. एक बारीक, सलग सूर.

निषादने ती धरली, पण ओढली नाही.

“मास्तर, ही काढली तर...”

“तर?”

“काहीच उरणार नाही.”

 बाहेर वाडीत कुणीतरी केळीची सुकलेली पानं कापत होतं...

निषादने वायर ओढली.

शांतता झाली.

लगेच त्याचा हात ती वायर परत खोचायला निघाला. मास्तरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि ताटाच्या कडेला, शेंगांच्या सालींत ठेवून दिली.

आता हात मोकळा होता आणि त्याला कुठे जावं कळत नव्हतं. पेटीवर जिकडे तिकडे बटणं. कशालाही धक्का लागला तरी काहीतरी बिघडणार. थरथरता हात पेटीवरून फिरला, या ओळीवरून त्या ओळीवर... आणि खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यावर टेकला.

चारही बोटं शेजारी शेजारी. कंप गेला नाही. पण हातही तिथून हलला नाही.

निषादने मान वर केली.

“मग मास्तर, या जागेत...”

मास्तरांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं, एक शेंग उचलली आणि पुठ्ठ्यावरच्या त्याच्या बोटांकडे पाहिलं.

“बसली की मापात.”