मांडीवरचा वाडगा

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गावात एखाद्याच घरी पोथी असायची. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात ती एका घोंगडी विणणाऱ्याकडे होती. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने गोष्टी लिहून ती तयार केली होती. आपल्यामागे मुलांनी ती आवडीने वाचावी, एवढीच विणकराची इच्छा. म्हणून रोज दिवेलागणीला तो ती दोघा मुलांना वाचून दाखवी.

पण मुलं कसली बसतात! गोष्टीत हत्ती आला, की थोरली भिवरा उठून झुलत चाले आणि धाकटा मल्हारी तिच्यामागे शेपूट होऊन हिंडे. मध्येच भिवरा विचारी, "आबा, राणी रानात काय जेवली?"

"पोथी ऐकायची असती का नाचायची?" विणकर डाफरे.

"असू द्या की," मुलांची आई म्हणे. "ऐकत्यात म्हणूनच उठत्यात."

विणकराला ते पटेना. मागावरचा एक धागा सैल पडलेला त्याला खपत नसे, तिथे पोरांची चुळबुळ कशी खपावी? एके दिवशी त्याने दोघांच्या मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला एकेक वाडगा ठेवला. "थेंब सांडला तर पोथी बंद!"

काय सांगू, पोरं पुतळ्यासारखी बसली! शेजारीपाजारी दारात येऊन बघत आणि वाहवा करत. गप्प बसलेलं मूल आपल्या मोठ्या माणसांना फार आवडतं ना! विणकराची छाती फुगे.

असे कितीतरी महिने गेले. एका संध्याकाळी पोथीची दोन पानं एकमेकांना चिकटली. वाघापुढे उभी असलेली राणी पान उलटताच राजवाड्यात वेणी घालत बसली. विणकर थबकला. मुलं मात्र तशीच बसून होती.

"भिवरे, वाघाचं काय झालं, इचारलं न्हाईस?"

"कुठला वाघ, आबा?" वाडग्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "मी पाण्याकडं बघत हुते."

विणकराने दोन्ही वाडगे उचलून अंगणात रिकामे केले. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच हत्ती होऊन घरभर फिरला. मल्हारी लहान होता, आठवडाभरात पुन्हा उड्या मारू लागला. भिवरा मात्र रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून राही.

"ऊठ गं बाळा, नाच की!" तो विनवी.

"नगं आबा, मी शहाण्यासारखी बसते."

पुढे पोथी मल्हारीने वाचली, त्याच्या पोरांनी वाचली. भिवराने ती कधी उघडली नाही. म्हातारपणी विणकराने लेकीची माफी मागितली. तिने ती दिलीही, पण तिचे ते प्रश्न त्याला पुन्हा कधी ऐकायला मिळाले नाहीत.

बोध एवढाच, की मुलाची चुळबुळ बांधून टाकाल, तर गोष्टीवरचा त्याचा जीवही त्या चुळबुळीसोबतच बांधला जाईल.