हरण्याने ओढलेली पोती

जनावरांची शेतं होती आणि माती बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. हरण्या बैलाचा मका निघाला. कणसं खुडली, ताटं उभी राहिली. हरण्या ती मुळासकट गोठ्यात न्यायला लागला.

“अरे बाबा, त्यांत माझा कस आहे. निम्मी तरी मला ठेव,” माती म्हणाली.

“तुला गं कसली भूक?” म्हणत हरण्याने शेत साफ केलं.

पुढच्या साली मका पिवळा पडला आणि गुडघ्याएवढाच वाढला. तालुक्याहून खताची पोती आणावी लागली. गाडीला जुंपला कोण? हरण्याच! चढावर तोंडाला फेस आला.

बांधापलीकडून मोरी म्हैस म्हणाली, “काय हरण्याभाऊ, गेल्या साली खाल्लेलं आता ओढताय वाटतं?”

दुसऱ्याच्या रानात डोकावू नये, पण मोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. ती ताटांचे शेंडे खायची, खालचं रानातच कुजू द्यायची आणि शेणाची पाटी न चुकता तिथेच टाकायची. तिचा मका पुरुषभर उंच, हिरवागार!

खतावर मका सावरला. कणसं निघाल्यावर हरण्या ताटांच्या कमरेपाशी थांबला. “इथून वरचं माझं, खालचं मातीचं,” म्हणाला. मग बांधाकडे वळून हळूच विचारलं, “मोरीताई, ती शेणाची पाटी कधी टाकायची गं?”